पदर कोणी ओढला?

शेंगावाल्या म्हातारीने मला मुकी ठरवलं आणि मी मान डोलावून तिला दुजोरा दिला.

"बोलता येत नाही का वो माय?" तिने विचारलं होतं. मी नुसतंच टोपलीकडे बोट दाखवलं होतं आणि ओंजळ करून किती हव्यात ते सांगितलं होतं. तिने वर्तमानपत्राच्या पुड्यात उकडलेल्या शेंगा भरल्या, वर आणखी एक मूठ टाकली. "असू दे. देवानं एक घेतलं तं दुसरं देते तो," ती म्हणाली. मी पुडा घेऊन तलावाच्या कठड्यावर, पाण्याकडे तोंड करून बसलो.

नागपूरचा फुटाळा तलाव. जानेवारी २०१२, रविवार, दुपारचे चार वाजले होते. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. नोकरी वणीला, भूमापकाची, म्हणजे शेतांची सरकारी मोजणी करण्याची. त्या दिवशी माझ्या अंगावर मोरपंखी रंगाची सुती साडी होती, कोपरापर्यंत बाह्यांचं काळं ब्लाउज होतं, डोक्यावर खांद्यापर्यंतचे विकतचे केस होते आणि पायांत माप देऊन करून घेतलेल्या नऊ नंबरच्या लेडीज चपला.

मला साडी नेसायला आवडते. पंधराव्या वर्षापासून आवडते. बाई व्हावंसं मला कधी वाटलं नाही, पुरुषांची ओढ नव्हती, बायको होती, मुलगा होता. वर्षातून चार-पाचदा साडी नेसावी, कुठेतरी मोकळ्यावर बसावं, वारा पदराला लागावा आणि कोणी आपल्याकडे विशेष पाहू नये, एवढंच. का, हे मला सांगता येत नाही. बायकोला, मंदाला, मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात नाही. वणीत नाही. आणि पोरंबाळं झाली तर त्यांना कधी कळता कामा नये." मी कबूल केलं आणि अठरा वर्षं पाळलं.

नागपुरात मी ज्योत्स्ना मेश्रामच्या घरी तयार व्हायचो. तिच्या वडिलांची शेती वणीजवळ होती. मोजणीत मला दिसलं की तिच्या भावाने हद्दीचा दगड सरकवला आहे. ते मी कागदावर आणलं आणि तिला तिचा वाटा मिळाला. तिचं घरातच ब्यूटी पार्लर होतं. वर्षभराने मी तिच्याकडे "मिसेससाठी" म्हणून केसांचा टोप विचारायला गेलो, तेव्हा तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि एकच विचारलं, "डोक्याचं माप कोणाचं घेऊ साहेब?" तेव्हापासून पँटीत असलो की मी साहेब आणि साडीत असलो की ताई.

बाहेर जायचं तर ती सोबत यायची. बोलायची ती, मी गप्प. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाका मारून मारून माझा आवाज नगाऱ्यासारखा झाला आहे. तो निघाला की साडी संपली. त्या रविवारी तिच्याकडे ऐन वेळी एक नवरी आली.

"थांबा न ताई, सहा वाजता जाऊ," ती म्हणाली.

"सहाला अंधार होतो. मी जाऊन येतो एकटा."

"जा मग. पण तोंड उघडू नका बरं."

मी शेंगा सोलत बसलो होतो. अर्धा तास कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. तो अर्धा तास फार चांगला गेला.

मग तीन पोरं आली. एकाच मोटरसायकलवर, सोळा-सतरा वर्षांची. माझ्यापासून काही अंतरावर त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि कणसं घेतली. एक पिवळ्या टी-शर्टवाला, एक चष्म्यावाला, एक बुटका. बुटक्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"चपला पाय न बे," तो म्हणाला. "माह्या बापाच्या मापाच्या हायेत."

हसणं ऐकू आलं. मी पाण्याकडेच पाहत राहिलो. थोड्या वेळाने चष्म्यावाला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"काकू, टाइम काय झाला?"

मी मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं.

"दिसत नाही न काकू. चष्मा खराब आहे. सांगा न."

"मुकी हाय थे," शेंगावाली तिकडून म्हणाली. "कायले तरास देता गरिबाले?"

"मुकी नाही आजी," पिवळा टी-शर्ट ओरडला, "मुका हाय!"

मग त्यांना चेव आला. एकाने टाळी वाजवली, त्या विशिष्ट प्रकारे, तळवे आडवे करून. दुसऱ्याने नाच म्हटलं. कणसाचे दाणे माझ्या पाठीवर येऊ लागले. शेजारी एक जोडपं लहान मुलीला घेऊन बसलं होतं. त्यांनी मुलीला उचललं आणि जरा लांब जाऊन बसले. तिथून ते पाहत राहिले.

"रोशन, फोटो घे बे. फेसबुकवर टाकू."

पिवळ्या टी-शर्टवाल्याचं नाव रोशन आहे हे मला असं कळलं. त्याने मोबाइल काढला. फेसबुक मला माहीत होतं. माझ्या घरी, वणीत, प्रणय रोज संध्याकाळी तेच उघडून बसायचा. प्रणय माझा मुलगा, तेव्हा बारावीला होता.

मी पदराने तोंड झाकलं, उठलो आणि चालू लागलो. रस्त्याच्या कडेला एक ऑटो उभा होता. अंतराचा अंदाज घेणं हा माझा धंदा आहे. चाळीस पावलं. टाळ्या वाजवत पोरं मागे येत होती. मी बारा-तेरा पावलं टाकली असतील, तेवढ्यात खांद्याला हिसका बसला. पिन ब्लाउज फाडून निघाली आणि पदर मागे गेला. मी तो दोन्ही हातांनी धरला, खांद्यावर घेतला.

आणि मागे वळलो.

"पदर कोणी ओढला?"

पोरं जागच्या जागी थांबली. कठड्यावरची माणसं वळून पाहू लागली. मागून शेंगावालीचा आवाज आला, "अवो माय! बोलते का थे!"

"आवाज पाय बे," बुटका म्हणाला आणि हसला. पण एकटाच हसला.

"मी विचारलं, पदर कोणी ओढला?"

शेतात मोजणीला गेलं की दोन भाऊ समोरासमोर उभे असतात. मागे त्यांची माणसं, कधी कुऱ्हाडीही असतात. तिथे ओरडून चालत नाही आणि समजावूनही चालत नाही. खुणेचा दगड कोणी हलवला, हे एकदा विचारायचं. उत्तर नाही आलं की तेच पुन्हा विचारायचं, त्याच आवाजात. दुसरा शब्द काढायचा नाही. वीस वर्षांत मला एवढी एकच विद्या आली होती.

"मजाक करून रायलो होतो न काका," चष्म्यावाला म्हणाला. मग त्याला आठवलं. "का काकू?"

"काहीही म्हण. पदर कोणी ओढला?"

माणसं जमली. मघाशी मुलीला उचलून लांब गेलेला माणूस पुढे आला. चांगला शिकलेला दिसत होता.

"जाऊ द्या ना," तो मला म्हणाला. "पोरं आहेत. आणि तुम्हीपण असं करून बाहेर यायचं, मग पोरं बोलणारच ना."

"मी काय केलं?"

"म्हणजे... हे." त्याने माझ्या साडीकडे हात केला.

"साडी नेसलो आणि शेंगा खाल्ल्या. तुमच्या मंडळीही तेच करताहेत."

त्याची बायको शेंगांचा पुडा हातात घेऊन मागे उभी होती. तिला हसू फुटलं. तिने ते पदराने दाबलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इकडे या बरं."

मी पुन्हा पोरांकडे वळलो. "पदर कोणी ओढला?"

"त्या पिवळ्या सदऱ्यानं ओढला," शेंगावाली म्हणाली. ती टोपली सोडून पुढे आली होती. "म्या पायलं. देवाशपथ."

रोशनने एकदा तिच्याकडे आणि एकदा मित्रांकडे पाहिलं. मित्र जरा बाजूला सरकले होते.

"ओढला तं ओढला," तो म्हणाला. "काय करशील?"

"आधी फोटो पुसून टाक."

"नाही पुसत."

मी त्याच्याजवळून पुढे गेलो. त्याला वाटलं असावं की मी मारणार, तो दोन पावलं मागे झाला. मी त्यांच्या मोटरसायकलपाशी गेलो, निऱ्या सावरल्या आणि मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलो. पदर मांडीवर घेतला.

"चल," मी म्हणालो.

"कुठी?"

"तुझ्या घरी. तुझी आई असेल ना घरी? तिला हे दाखवायचं आहे." मी फाटलेला खांदा पुढे केला. "सांगायचं, बाई, तुमच्या मुलाने पदर ओढला, ब्लाउज फाटलं, दोन टाके घालून द्या. बाकी मला काही नको."

जमलेल्या लोकांत कोणीतरी हसलं. या वेळी ते हसणं माझ्यावर नव्हतं. रोशनचे कान लाल झाले.

"आईले कायले मधात आणता?" तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा.

"मी कुठे आणतो? गाडी तर तूच चालवणार आहेस."

"उतरा न काका," बुटका म्हणाला. "त्याच्या भावाची गाडी आहे."

"भावालाही भेटू."

मला खरोखरच त्याच्या घरी जायचं होतं का, ते मला अजूनही माहीत नाही. त्याने गाडी सुरू केली असती तर मी गेलो असतो, एवढं नक्की.

चष्म्यावाला रोशनच्या कानाशी लागला. "म्हण न बे सॉरी. पुसून टाक न."

रोशनने मोबाइल काढला. माझ्याजवळ आला, पडदा माझ्याकडे केला. चार फोटो होते. एकात मी शेंग सोलत होतो, त्यांनी चिडवायला सुरुवात करण्याआधीचा असावा. तो फोटो चांगला आला होता. माझा चेहरा निवांत होता. त्याने एकेक फोटो पुसला. एकदा चुकून दुसरंच काही उघडलं: एक बाई, बहुधा त्याची आई, पोळपाटाशी बसून हसत होती. त्याने घाईने ते बंद केलं.

"सॉरी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

"कोणाला?"

त्याने मान वर केली. काका म्हणावं की काकू, तो शोधत होता. मग म्हणाला, "सॉरी जी."

आमच्या विदर्भात 'जी' बापालाही म्हणतात आणि आईलाही. मी गाडीवरून उतरलो. तिघं बसली आणि मागे न पाहता निघून गेली.

लोक पांगले. जाताना कोणी माझ्याशी बोललं नाही. कोणी शाबासकी दिली नाही, शिवीही दिली नाही. फक्त शेंगावाली जवळ आली. तिने बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि मला म्हणाली, "वाक जरा." मी वाकलो. तिने पदर घडी घालून फाटल्या जागेवर नीट बसवला आणि पिन लावली.

"बोलता येते तं मंगाशी काऊन नाही बोलली वो?"

"भीती वाटत होती."

"आन् आता?"

"आताही वाटते."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. टोप, कपाळावरची टिकली, दाढीची हिरवट झाक. "मुकी समजून एक मूठ जास्त देल्ली म्या तुले," ती म्हणाली. "जाऊ दे. खाल्ल्या न आता."

ज्योत्स्नाच्या घरी पोचलो तेव्हा नवरी गेली होती. मी झालेलं सांगितलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग स्वतःवर चिडली, मग चहा ठेवला. "साहेब, दुसरं कोणी असतं तं ऑटोत बसून पळालं असतं," ती म्हणाली. मी तेव्हा पँटीत होतो. एरवी मीही पळालोच असतो. तीन आठवड्यांपूर्वी पळालो होतो, माझ्याच घरात, जेवणाच्या ताटावरून.

डिसेंबरातली गोष्ट. आम्ही तिघं जेवत होतो. प्रणय खुशीत होता. म्हणाला, "बाबा, आज बस स्टँडवर एक छक्का होता. साडीफिडी नेसून यवतमाळच्या बसची वाट पाहून रायला होता. आम्ही चौघांनी घेरला न त्याले! टाळ्या वाजवल्या, नाच म्हटलं. असा पळाला न बाबा, असा पळाला! बस पण सुटली त्याची." मंदाचा वरण वाढणारा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. प्रणय माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता, माझ्या हसण्याची वाट पाहत होता.

आणि मी हसलो. मग विचारलं, "प्रॅक्टिकल कधी आहे तुझं?"

रोशनच्या ओठावर नुकती मिसरूड फुटली होती. प्रणयलाही तशीच होती, दोन्ही टोकांना दाट आणि मधे विरळ. तलावावर मी जे चार वेळा विचारलं, ते खरं म्हणजे त्या रात्रीच्या ताटावर एकदा विचारायचं होतं.

सोमवारी दुपारी मी वणीला पोचलो. प्रणय अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल घालत होता. मी समोरच्या ओट्यावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. मोजणीचा अहवाल लिहितो तसं सांगितलं: तारीख, ठिकाण, अंगावर काय होतं, कोण काय म्हणालं. ज्योत्स्नाचं सांगितलं, पंधराव्या वर्षापासूनचं सांगितलं. त्याच्या हातातली तेलाची चिंधी तशीच राहिली.

"आईले माहीत आहे?" त्याने विचारलं.

"हो."

तो उठला, चिंधी खाली टाकली आणि फाटकातून बाहेर गेला. सायकलचं मागचं चाक फिरतच होतं. मंदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." ती अंगणात उतरली, सायकल सरळ केली आणि भिंतीला लावून ठेवली.

प्रणय जेवायला आला. पण त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. बारावी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. फोन आईला करायचा. "बाबा कसे आहेत?" एवढं विचारायचा आणि मंदा मला ते सांगायची. मी नागपूरला जात राहिलो. फुटाळ्यावर पुन्हा गेलो, दोनदा. शेंगावाली दिसली नाही. मंदाने मला पुन्हा कुठली अट घातली नाही, आणि त्या विषयावर ती बोललीही नाही.

अशी चार वर्षं गेली. २०१५च्या दिवाळीत प्रणय घरी आला होता. माझी गाडी बिघडली होती आणि एका गावी मोजणीचं अर्धवट काम पुरं करायचं होतं. मंदा त्याला म्हणाली, "सोडून दे बाबांना." त्याने सोडलं, आणि काम होईपर्यंत धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून राहिला. परत येताना रस्त्यावरच्या टपरीवर त्याने गाडी थांबवली. दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत तो कापसाने भरलेल्या एका ट्रॅक्टरकडे पाहत होता.

"त्या पोरानं सॉरी म्हटलं होतं न तुम्हाला?" त्याने विचारलं.

कोणत्या पोराने, हे मला विचारावं लागलं नाही. "हो," मी म्हणालो.

"मनापासून?"

"घाबरून."

चहा आला. त्याने ग्लास हातात घेतला, प्यायला नाही.

"तो पळाला नव्हता, बाबा," तो म्हणाला. "बस स्टँडवरचा. ते मी खोटं सांगितलं होतं. त्याला पळता येत नव्हतं, आम्ही चौघं चारी बाजूंनी होतो. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि आम्हाला हात जोडले. 'दादा, जाऊ द्या, माझी आई दवाखान्यात आहे,' म्हणाला. आम्हाला दादा म्हणाला तो. तुमच्याएवढा असेल."

"मग?" मी विचारलं.

"मग आम्ही अजून जोरात हसलो," प्रणय म्हणाला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.